राखाडी पाहुणे

तुम्ही फोनवर सिनेमाचं तिकीट काढता तेव्हा आधी खुर्च्यांचा नकाशा उघडतो. पांढरी खुर्ची म्हणजे रिकामी, राखाडी म्हणजे विकली गेलेली. तुम्ही दोन बोटांनी नकाशा मोठा करता, मधल्या रांगा न्याहाळता, त्यातल्या बऱ्याचशा राखाडी दिसल्या की मनात म्हणता, "अरे, भरत आलं की!" आणि घाईघाईने उरलेल्यातल्या चार बऱ्या खुर्च्या पकडता. त्या राखाडी खुर्च्यांवर कोण बसलंय, हा प्रश्न तुम्हाला पडत नाही. तो पडू नये अशीच व्यवस्था केलेली असते. रियाधमध्ये ती व्यवस्था काही वर्षं माझ्या हाताखाली होती.

संपादकांनी मला सौदीतल्या सिनेमाची नवलाई लिहायला सांगितली होती. ती लिहितोच. पण खोक्यांत सामान भरून झालंय, कायमचं परतायचा शिक्का पासपोर्टवर पडलाय, आणि इथून निघण्यापूर्वी एक गोष्ट कबूल करायची राहिली आहे. नवलाईच्या आडून तीही येईल.

मी मूळचा नाशिकचा. रियाधला आलो तेव्हा इथे सिनेमागृहच नव्हतं. मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा तर सुट्टीच्या दिवशी गाडी काढून पुलावरून बहरीनला जायचं, बघायचा आणि परत यायचं. मग एके वर्षी सरकारने सिनेमागृहांना परवानगी दिली आणि शहराच्या अल मलाझ भागात एका पडद्यांच्या दुकानावर (खिडकीचे पडदे, सिनेमाचे नव्हेत) तीन खोल्यांत आमची कंपनी सुरू झाली. अकरा माणसं. मला घेतलं ते आधी इस्पितळात रुग्णांना डॉक्टरची वेळ देणारं सॉफ्टवेअर केलं होतं म्हणून. मुलाखत घेणारा, कंपनीचा प्रमुख फैसल माझ्याहून वीस वर्षांनी लहान होता. तो म्हणाला, "या मोहंदिस, तिथे लोक कण्हत वाट बघतात, इथे पॉपकॉर्न खात बघतील. बाकी काम तेच." 'या' म्हणजे अहो, मोहंदिस म्हणजे इंजिनियर. पुढे सगळी वर्षं त्याने मला त्याच नावाने हाक मारली.

पहिल्या महिन्यांतले फोन आठवले की अजून हसू येतं. एका गृहस्थांनी तिकीट काढलं आणि सिनेमागृह त्यांच्या घरी कधी येणार असं विचारलं. त्यांना वाटलं होतं, जेवणासारखंच हेही मागवायचं असतं. एक बाई दर आठवड्याला विचारायच्या की प्रार्थनेच्या वेळी कुणाच्या पायांवरून न जाता उठता येईल अशी खुर्ची कुठली. त्यांच्यासाठी मी कडेच्या खुर्च्यांवर बारीक खूण केली. ती खूण आजही नकाशात आहे, आणि ती बघितली की मला बरं वाटतं.

पण माझ्या आयुष्याला वळण दिलं ते बुरैदा शहरातल्या एका आजोबांनी. ते एकट्यासाठी तीन तिकिटं काढायचे. मधल्या खुर्चीवर स्वतः बसायचे, उजवीकडची आणि डावीकडची रिकामी ठेवायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "बेटा, अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून मी आयुष्यात बसलो नाही. या वयात सुरुवात कशाला?"

मग माझ्या लक्षात आलं की आमच्या निम्म्या तक्रारी याच आहेत. कुटुंबातल्या बाईशेजारी परका पुरुष आला, नवऱ्याने जागा बदलली, मागच्याने आरडाओरडा केला. मी एक नियम लिहिला. कुटुंबाने तिकिटं काढली की त्यांच्या दोन्ही बाजूंची एकेक खुर्ची आपोआप बंद व्हायची. नकाशात ती राखाडी दिसायची. पैसे कुणी देत नव्हतं, बसत कुणी नव्हतं, पण सगळ्यांना सुख होतं. तक्रारी जवळजवळ थांबल्या. फैसलने केक आणला. हा नियम माझा, आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे.

घोटाळा त्यानंतर झाला. बंद खुर्च्यांमुळे हॉल अधिक भरलेला दिसतो आणि भरलेला दिसला की तिकिटं भराभर जातात, हे फैसलच्या नजरेला आलं. तो माझ्या टेबलावर येऊन बसला.

"मोहंदिस, रिकाम्या हॉटेलात तू जेवायला शिरतोस?"

"नाही."

"मग आमच्या दारात सुरुवातीला चार लोक बसलेले दिसायला नकोत का? फक्त दिसायला. खरे लोक आले की ते उठून जातील."

दोन दिवसांत मी ते लिहून दिलं. कुठलाही खेळ विक्रीला लागला की मधल्या रांगांतल्या चाळीसेक खुर्च्या आधीच राखाडी व्हायच्या आणि खरी विक्री दोन तृतीयांशाला पोचली की त्या हळूच मोकळ्या व्हायच्या. त्या भागाला मी नाव दिलं होतं, "पाहुणे". येतात, बसतात, घरच्यांना जागा लागली की निघून जातात. नाव सुचल्यावर मी स्वतःवर खूश झालो होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण झालो होतो.

मोठ्या सिनेमांना काही फरक पडत नव्हता. ते भरायचेच. आमची कंपनी तीन खोल्यांतून उत्तर रियाधच्या काचेच्या इमारतीत चार मजल्यांवर गेली. पाहुणे दर शुक्रवारी यायचे, जायचे. घरी मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

आता हमीदभाईंकडे येतो. हमीदभाई दापोलीकडचे. अल मलाझमध्ये त्यांचं किराण्याचं दुकान, म्हणजे इथला बकाला. कंपनी तिथून हलली तरी कोथिंबीर, कोकम आणि गप्पांसाठी मी त्यांच्याकडेच जायचो. अठ्ठावीस वर्षं ते इथे. बायको जुबेदाभाभी गावी. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदाच त्या व्हिजिट व्हिसावर नव्वद दिवसांसाठी आल्या आणि दुकानाच्या गल्ल्यामागे स्टूल टाकून बसू लागल्या. आठवडाभरात हमीदभाई स्वतःच्या दुकानात पाहुण्यासारखे वागू लागले.

त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळाने एका मराठी सिनेमाचा खेळ ठरवला. मंडळ म्हणजे फोनवरचा एक ग्रुप आणि त्याचे चालक पेंडसेकाका, जुबैलच्या रिफायनरीतून रियाधच्या मुख्य ऑफिसात आलेले पुण्याचे इंजिनियर. शुक्रवारी दुपारी चारचा एकच खेळ, एकशेतीस खुर्च्यांचा हॉल. सिनेमागृहाची एक अट होती. गुरुवारी दुपारी बारापर्यंत ऐंशी तिकिटं खपली तरच खेळ होईल, नाहीतर पडदा दुसऱ्या सिनेमाला. ही अट पेंडसेकाकांनी ग्रुपवर सांगितली नव्हती. "आपण काय भीक मागतोय का?" असं त्यांचं म्हणणं.

मी जुबेदाभाभींना खेळाचं सांगितलं तेव्हा त्या हातातलं काम सोडून ऐकत राहिल्या.

"थेटरात? आत बसून?"

"मग काय बाहेर उभं राहून?"

"भाऊ, मी तीन पिक्चर ऐकलंय," त्या म्हणाल्या. "बगितला एक पन नाय."

लहानपणी त्यांच्या गावाबाहेर तंबूतला सिनेमा यायचा. वडील आत जाऊ द्यायचे नाहीत. मग त्या आणि त्यांची बहीण कापडाला पाठ लावून बाहेर बसायच्या आणि सबंध सिनेमा ऐकायच्या. पुढे लग्न झालं, नवरा परदेशी गेला. "मंग कोनाबरोबर जानार?" असं त्या अगदी सहज म्हणाल्या. हमीदभाई तेवढ्यात आतल्या फडताळात काहीतरी शोधायला गेले.

खेळ शुक्रवारी होता. भाभींचं परतीचं विमान शनिवारी सकाळी.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी दुकानात गेलो. भाभी म्हणाल्या, "मुबारक हो भाऊ! तुमचा थेटर फुल झाला."

"फुल?" मी खूश झालो. मराठी सिनेमा, तोही रियाधमध्ये!

"ह्यांनी आताच फोनात बगितला. सगळी काली काली खुर्ची. फुडं दोन लाइनीत एक हितं, एक तितं. मी बोलली, नको. ह्यांच्यापासून लांब बसायला मी हितं कशाला येऊ? लांब तर मी गावीच हाय."

हमीदभाई हसले, पण चेहरा पडला होता. चूक त्यांची, ते आज-उद्या करत राहिले, असं ते स्वतःच म्हणत होते. भाभींनी शुक्रवारसाठी काढलेली निळी साडी पुन्हा बॅगेत भरली होती.

घरी जाऊन मी लॅपटॉप उघडला. खपलेली तिकिटं, अडतीस.

मी दोनदा मोजली. अडतीसच. सगळी कुटुंबांनी काढलेली, म्हणून प्रत्येकाच्या आजूबाजूला माझ्या बंद खुर्च्या. उरलेल्या मधल्या रांगांत माझे पाहुणे. चार जणांना सलग बसायला जागाच शिल्लक नव्हती. लोक नकाशा उघडत होते, भरला म्हणत होते आणि मिटत होते. ग्रुपवर पेंडसेकाका सगळ्यांचं अभिनंदन करत होते. विक्री वाढेना म्हणून पाहुणे उठेनात, आणि पाहुणे उठेनात म्हणून विक्री वाढेना. उद्या बाराला खेळ रद्द होणार आणि तो भरलेला दिसत असताना रद्द होणार.

मी संध्याकाळी सातला त्या एका खेळापुरते सगळे पाहुणे उठवले. नकाशा पांढराशुभ्र झाला. मी निवांतपणे चहा टाकला.

चहा उकळेपर्यंत ग्रुप पेटला होता.

"हॉल रिकामा झाला!!"

"अहो, मगाशी फुल होता!"

"कुणीतरी गठ्ठ्याने रद्द केली वाटतं."

"माझा मेहुणा म्हणतो पिक्चर फालतू आहे. त्यानेच सांगितलं असेल कुणाला."

"जाणकार लोक मागे फिरतायत म्हणजे काहीतरी असेल."

"मीही केली रद्द. शुक्रवार कशाला वाया घालवा."

मी पुन्हा आकडा पाहिला. एकोणतीस. खोटं असताना अडतीस, खरं दाखवलं तर एकोणतीस. एक क्षण वाटलं, पाहुण्यांना परत बसवावं. खरंच वाटलं.

सकाळी न्याहारीला बायकोने, मनीषाने, विचारलं, "झोपला नाहीस का?" मी सगळं सांगितलं. ती पोहे वाढत ऐकत होती, मग एकदम थांबली.

"म्हणजे मागे तू म्हणालास, शेवटच्या दोन उरल्यात, पटकन घे. आपण पहिल्या रांगेत बसलो. तीन तास. माझी मान आठवडाभर धरली होती. ते पण?"

"ते पण."

"स्वतःच्या बायकोला?"

"नकाशा सगळ्यांना सारखाच दिसतो ना."

तिने पोह्यांची बशी माझ्यापुढून उचलली. "आधी ग्रुपवर लिही. मग खा."

"नोकरी जाईल, मनीषा."

"जाईल कदाचित. पण ती बाई शनिवारी नक्की जाईल."

मी लिहिलं. जसं लिहिलं तसंच इथे देतो.

"सर्वांना नमस्कार. काल नकाशात भरलेल्या दिसणाऱ्या चाळीस खुर्च्यांवर कुणीही नव्हतं. त्या मी रंगवल्या होत्या. माझ्या कामाचा तो भाग आहे. कुणीही गठ्ठ्याने तिकिटं रद्द केलेली नव्हती आणि सिनेमाबद्दल कुणी काही वाईट बोललेलं नाही. आता जे दिसतंय ते खरं आहे. आज दुपारी बारापर्यंत ऐंशी तिकिटं गेली नाहीत तर खेळ होणार नाही. माझं चुकलं. देवरे."

पाच मिनिटं शांतता. रियाधच्या मराठी ग्रुपवर पाच मिनिटं शांतता मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिली नाही. मग सुरू झालं.

"देवरे, मी दोन वर्षं थेटरात शेजारी माणूस येणार म्हणून मांडीवर बॅग धरून बसतोय. तो माणूस तू रंगवला होतास?"

"सहलीला बस भरली, लवकर नावं द्या, असं सांगणारे तुम्हीच ना हो?"

"माझ्या लग्नात फोटोग्राफरने गर्दी कमी दिसते म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

पेंडसेकाकांचा फोन आला. "देवरे, मी तुझ्या चाळीस भुतांचं जाहीर अभिनंदन केलंय! कळतंय का तुला? 'रसिकांचे आभार' असं लिहिलंय मी!" मग खालच्या आवाजात, "आम्ही सहा जण आहोत. काढतो."

लोक शिव्या देत होते आणि तिकिटं काढत होते. मराठी माणसाला कुणी फसवलं तर राग येतो, पण फसवणारा समोर बसून ऐकून घेणार असेल तर तो मुद्दाम यायला तयार होतो, हे मी त्या दिवशी शिकलो. साडेअकराला आकडा होता बासष्ट. तिथेच थांबला. ग्रुप संपला होता.

हमीदभाई ग्रुपवर नव्हते. त्यांना फोन करणं मी टाळत होतो, कारण मंडळासमोर नाक घासणं एक आणि त्यांना सांगणं वेगळं. केला.

"हमीदभाई, हॉल रिकामा आहे. अर्ध्याहून जास्त."

"काल फुल होता ना?"

"काल मी खोटं दाखवलं होतं. रिकाम्या खुर्च्यांवर माझे खोटे पाहुणे बसवले होते."

पलीकडे कुणीतरी वाटाण्याचं पोतं ओढत होतं. तो आवाज थांबला.

"म्हंजे काल हिनं साडी बॅगेत भरली, ती तुमच्यामुलं?"

"हो."

"मी तिला बोललो, माजी चूक हाय. चार वेला बोललो."

"तुमची नव्हती."

त्यांनी कुणाला तरी पोतं भिंतीला लावायला सांगितलं. मग म्हणाले, "किती मानसं कमी हायत?"

"तुम्ही दोघं धरून अठरा. पंचवीस मिनिटांत."

"मंडलाच्या लोकांना आमचे लाँड्रीवाले, एसीवाले चालतील काय? मंडनगडचे हायत, श्रीवर्धनचे हायत. मराठीच बोलतात. पन त्यांना कोन कधी बोलावत नाय."

मी ग्रुपवर इतकी वर्षं होतो. हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. खोटी चाळीस माणसं बसवताना मलाच काय, कुणालाही ही खरी माणसं आठवली नव्हती.

"चालतील काय म्हणता, हमीदभाई. पाठवा."

बाराला आठ मिनिटं कमी असताना आकडा एक्क्याऐंशी झाला. एक जास्तीचं तिकीट कुणाचं, ते कळलं नाही. बहुधा पेंडसेकाकांनी धास्तीने काढलं असावं.

आता ती कबुली. माझ्या संदेशाचं छायाचित्र ग्रुपबाहेर गेलं. कुणीतरी त्याचं अरबीत भाषांतर केलं. लोक राखाडी नकाशे आणि रिकाम्या हॉलचे फोटो शेजारी-शेजारी लावून टाकू लागले. बुरैदाच्या आजोबांचा फोन आला, "माझ्या शेजारच्या खुर्च्यांचे मी पैसे दिले होते बरं का, त्या खऱ्या होत्या." रविवारी फैसलने बोलावलं. मी राजीनामा खिशात घेऊन गेलो. तो ओरडला नाही. माझ्यापुढे कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं की नकाशातला दोष ही तांत्रिक चूक होती, कुणाचाही हेतू नव्हता, ती दुरुस्त झाली आहे. खाली माझ्या सहीसाठी जागा.

"सही कर, खलास. पाहुणे गेले ते कायमचे गेले, माझा शब्द. पण तुझा इकामा (इथे राहायचा परवाना) राहील, मुलीची शाळा राहील."

मी सही केली. पाहुणे खरोखर कायमचे गेले, फैसलने शब्द पाळला. मीही दोन वर्षं नोकरी केली. पण ती तांत्रिक चूक नव्हती. मी दोन दिवस बसून, चहा पीत, नाव ठेवून लिहिलेली गोष्ट होती. ऐंशी लोकांना खरं सांगितलं आणि बाकीच्या शहराला सांगितलं नाही, हे मनात राहिलं आहे. त्यासाठी हा लेख.

पण शुक्रवारचं सांगायचं राहिलं.

मी मुद्दाम शेवटी आत गेलो. टाळ्या आणि शिट्ट्या एकदमच झाल्या. श्रीवर्धनचे एसीवाले इस्त्रीचे शर्ट घालून एका रांगेत बसले होते आणि पेंडसेकाकू त्यांना डब्यातल्या करंज्या वाटत होत्या, बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई असताना. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हॉल रिकामा होता आणि नकाशातही तसाच दिसत होता.

हमीदभाई आणि भाभी आले. काळ्या, पायघोळ अबायाच्या खालून निळ्या साडीचा काठ दिसत होता. त्यांची जागा मधल्या रांगेत, आमच्या पलीकडे. वाटेत सहा-सात रिकाम्या खुर्च्या. भाभी एका खुर्चीपाशी थांबल्या, किंचित वाकल्या आणि अदबीने म्हणाल्या, "बसा, बसा. उठू नका."

पुढच्या खुर्चीपाशी पुन्हा, "बसा हां. मी जातंय बारीकशी."

"कोनाला बोलतंस?" हमीदभाई गोंधळले.

"भाऊंच्या पाव्हन्यांना. कवापासून बसल्यात बिचारी, एक पिक्चर बगितला नाय."

मागच्या तीन रांगा हसल्या. मनीषा तर इतकी हसली की तिची मान पुन्हा धरते की काय, अशी मला भीती वाटली. मीही हसलो. बुधवारनंतर पहिल्यांदाच.

दिवे गेले. पडदा उजळला, संगीत सुरू झालं. मी बाजूला पाहिलं तर भाभींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. हमीदभाईंनी कोपर मारलं.

"अगो, डोळे उघड! चालू झाला!"

"थांबा जरा," त्या मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या. "आदी ऐकू दे. मंग बगतंय."